गाडी रुसली? आधी तिचा आवाज ऐका



या वेळच्या टपालात अक्कलकोटच्या एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात, "यजमान नोकरीनिमित्त पुण्याला असतात. गाडी मीच चालवते. मुलांची शाळा, सासऱ्यांचा दवाखाना, बाजार, सगळं त्या गाडीवर. गेले दोन महिने सकाळी ती लवकर चालू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी पकडते आणि मग दिवसभर काही त्रास नाही. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले. पैसे गेले, तक्रार तशीच. आता ते म्हणतात, सेल्फ बदलावा लागेल. काय करू?"

पत्र छोटं आहे, पण त्यात निम्मं उत्तर दडलेलं आहे. "सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही," हे वाक्य त्यांनी किती नेमकं लिहिलंय पाहा! जो सेल्फ जोरात फिरतोय तो बदलायचा कशाला? आणि बॅटरी उतरलेली असती तर सेल्फ जोरात फिरला असता का? गॅरेजमध्ये हेच वाक्य कुणी नीट ऐकून घेतलं असतं तर बॅटरीचे पैसे वाचले असते.

तेव्हा आज स्वयंपाकघर थोडं बाजूला ठेवून गाडीकडे वळू या. पाना हातात घेऊन इंजिन उघडायचं नाही हं. रुसलेल्या गाडीचं दुखणं कुठल्या बाजूला आहे, एवढं ओळखायला शिकायचं. ताप आलेल्या मुलाला डॉक्टरांकडे नेताना आपण सांगतोच ना, की ताप कधीपासून आहे, किती चढतो, उलटी झाली की नाही. तपासणी डॉक्टर करतात, पण सांगणारी आई चांगली असली की निदान लवकर होतं. गाडीचंही तसंच.

गाडी हा बायकांचा विषय नव्हे म्हणे!

असं कुणी म्हणालं तर त्यांना बर्था बेंझ यांची हकिगत सांगा. मोटारगाडी तयार करणारे जर्मनीचे कार्ल बेंझ हे त्यांचे यजमान. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये या बाई यजमानांना न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर, आणि मोटारीनं इतका लांबचा प्रवास तोवर कुणीच केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर बाईंनी टोपीला लावायची लांब पिन काढून ती मोकळी केली. पुढे ठिणगीच्या तारेचं वेष्टन झिजलं, तर मोज्यांना बांधायचा पट्टा तिला गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या गावात औषधांच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं आणि ते इंजिनात घातलं. संध्याकाळी बाई माहेरी पोचल्या!

या हकिगतीत आपला आजचा धडा आहे. बाईंना इंधन आणि ठिणगी, या दोन गोष्टी नीट कराव्या लागल्या. आपल्या आईच्या घासलेटच्या स्टोला तरी काय लागायचं? पंप मारायचा, तेल वर यायला हवं, काडी लागायला हवी. तेल येईना तर पिन मारायची. पेट्रोलच्या गाडीलाही तेवढंच लागतं. सुरुवातीचा धक्का, पेट्रोल, आणि ठिणगी. हवा तर लागतेच, ती फिल्टरमधून येते. गाडी चालू होत नाही म्हणजे या तिघांपैकी एक कुणीतरी गैरहजर आहे. कोण गैरहजर, एवढंच शोधायचं.

सुरुवातीचा धक्का पूर्वी माणूस देई. बर्था बाईंच्या गाडीत मोठं चाक हातानं फिरवावं लागे. पुढे हँडल आलं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला बॅटरीवर चालणारा सेल्फ बसला आणि ही झटापट संपत गेली.

आजेसासूबाईंचे उपाय आता चालत नाहीत

आपल्या सोलापूरचं मोटारीशी जुनं नातं आहे, बरं का. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. त्यांच्या पुढाकारानं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि तिच्या मुंबईतल्या कारखान्यात फियाट व पुढे पद्मिनी तयार होऊ लागली. किती घरांची ती पहिली गाडी! मुंबईतली पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले.

त्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. म्हणून सकाळी चोक ओढा, ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबा, उन्हात बंद पडली तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, असे उपाय घरोघरी पाठ होते. ते त्या काळी बरोबरच होते. उन्हानं नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला ती ढकलता यायची नाही.

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही, चोकही नाही. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि बहुधा टाकीतच बसवलेला असतो. किती पेट्रोल सोडायचं हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. म्हणून चालू करताना ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. पाय बाजूला ठेवा आणि चावी फिरवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "थोडा रेस दे गं" म्हटलं तर हसून हो म्हणा, पण देऊ नका!

चार आवाज

सोलापूरकरांना आवाजाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. यंत्रमागाच्या खडखडाटात उभा असलेला कामगार आवाज बदलला की वळून पाहतो. धागा तुटला की धोटा अडकला, ते त्याला कानांनी कळतं. तसाच कान गाडीला लावायचा. चावी फिरवल्यावर चार प्रकार संभवतात.

पहिला प्रकार, काहीच आवाज नाही आणि समोरचे दिवेही लागत नाहीत. वीजच पोचत नाही. बॅटरी पूर्ण उतरली, किंवा बॅटरीवरची तार सैल झाली. दिवे लागतात पण सेल्फचा आवाज नाही, असं असेल तर आधी साध्या गोष्टी पाहा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय चालू होत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीचा दांडा 'पी' किंवा 'एन'वर हवा आणि पाय ब्रेकवर हवा.

दुसरा, टकटकटकटक असा भराभर आवाज. बॅटरीत थोडा जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही. किंवा टर्मिनल सैल, गंजलेलं.

तिसरा, घुर्रर... घुर्रर... असा दमलेला, रेंगाळणारा आवाज. हीही बहुधा बॅटरीचीच तक्रार. आज कशीबशी चालू होईल, पण उद्याची खात्री नाही.

चौथा, सेल्फ रोजच्यासारखा जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही. इथे बॅटरी आणि सेल्फ दोघंही निर्दोष. चौकशी पेट्रोलची आणि ठिणगीची करायची. अक्कलकोटच्या भगिनीची गाडी या प्रकारात बसते.

एकदाच मोठा 'टक्' आवाज येतो आणि पुढे काही नाही, असंही होतं. तेव्हा ही सोपी परीक्षा घ्या. हेडलाइट लावा, समोरच्या भिंतीवर उजेड पाहा आणि चावी फिरवा. उजेड एकदम मंद झाला तर दोष बॅटरीचा किंवा टर्मिनलचा. उजेड तसाच झगझगीत राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी बरी आहे, दोष सेल्फचा किंवा त्याच्या जोडणीचा. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

बॅटरीचं आयुष्य आणि सोलापूरचं ऊन

बॅटरी थंडीत मरते असं आपण ऐकतो. ते थंड देशांचं खरं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. ही उष्णता बॅटरीला आतून झिजवते. म्हणून उन्हाळ्यात झिजलेली बॅटरी पुढे पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात एका सकाळी दगा देते, आणि आपल्याला वाटतं अचानक झालं! आपल्या हवेत तीन-चार वर्षं झाली की बॅटरी तपासून घेत जावी. बसवल्याची तारीख वॉरंटी कार्डावर असते, तीच खडूनं किंवा मार्करनं बॅटरीवरही लिहून ठेवा.

तपासायचं कसं? विजेचं सामान विकणाऱ्या दुकानात मल्टिमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, काही शे रुपयांत. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर लावून पाहा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२च्या खाली म्हणजे उतरलेली. मग गाडी चालू करून पाहा. साधारण १३.५ ते १४.५ दिसलं तर गाडी बॅटरीला चार्ज करते आहे. चालू गाडीतही १२.५च्या आसपासच राहिलं तर अल्टरनेटरची किंवा त्याच्या पट्ट्याची तक्रार. तेव्हा नवी बॅटरी घातली तरी तीही चार दिवसांत उतरणार.

आता थोडं गणित, मी शिक्षिका ना! छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. दोन हेडलाइट मिळून तासाला नऊ-दहा अँपिअर-तास खातात. म्हणजे दिवे विसरलात तर तीन-चार तासांत बॅटरी रिकामी. दार नीट न लागल्यानं आतला छोटा दिवा रात्रभर जळला तर चांगली बॅटरी सोसते, म्हातारी सोसत नाही. शिवाय घर ते शाळा दोन किलोमीटर आणि पुन्हा बंद, अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत सेल्फनं खाल्लेली वीजही भरून येत नाही. महिन्यातून एकदा सोलापूर ते तुळजापूर अशी सलग चक्कर झाली तर देवीचं दर्शनही होतं आणि बॅटरीही भरते!

पांढरी भुकटी आणि खाण्याचा सोडा

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी सातची वेळ, ती चुकवून चालत नाही. एका मंगळवारी गाडीतून नुसतं टकटक झालं. सासूबाई मागच्या सीटवर बसलेल्या, पायांना सूज, आणि रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला. नंतर एका गॅरेजनं बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलायला सांगितलं. खर्च हजारांत. तिनं "विचार करून सांगते" म्हटलं आणि शेजारच्या काकांना बोलावून बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टोकावर हिरवट-पांढऱ्या भुकटीचं ढेकूळ जमलेलं, आणि तार हातानं हलवली तर चक्क फिरत होती! साफ करून घट्ट केल्यावर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. त्यानंतर बॅटरी तपासली, तीही चांगली निघाली. पैसे वाचले हे खरंच, पण ज्या गाडीवर कुणाचा तरी औषधोपचार अवलंबून आहे तिचं टर्मिनल दर महिन्याला बघितलं पाहिजे, हे त्या दिवशी आम्हा दोघींनाही पटलं.

ही सफाई घरी करता येते. पण आधी या गोष्टी पाळा. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र लांब असेल तर आत खोचा. धातूची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आली तर क्षणात लाल होते आणि हात भाजतो. ओढणी किंवा पदर घट्ट खोवा. गाडी बंद असली तरी पुढचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. जवळ विडी-काडी, उदबत्ती नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, आणि मुलं लांब.

मग चावी काढून घ्या. आधी काळी, म्हणजे उणे खुणेची तार सोडवा, नंतर लाल. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा कालवा, जुन्या दात घासायच्या ब्रशनं टोकं घासा. फसफस होईल, ते आम्ल मरतंय. ज्या बॅटरीला झाकणं असतात तिच्यात हे पाणी जाऊ देऊ नका. स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा. बसवताना उलटा क्रम, आधी लाल, शेवटी काळी. घट्ट करा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. गाडीतलं घड्याळ पुन्हा लावावं लागेल, तेवढंच.

झाकणांची बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहा. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं, बोअरचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी नको. सीलबंद बॅटरीत पाणी घालायचंच नसतं.

सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

आता अक्कलकोटच्या भगिनीला उत्तर. चौथा आवाज, आणि तोही रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा, असेल तर आधी पेट्रोलकडे बघावं.

चावी 'ऑन'वर नेली, पण सेल्फ मारला नाही, की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पेट्रोलचा पंप. घराच्या आत पंखा-टीव्ही बंद असताना भांड्यातलं पाणी उकळायला लागल्याचा आवाज कसा हळूच येतो, तसा. काच वर करून, रेडिओ बंद करून ऐका. गुणगुण आलीच नाही तर पंपाचा फ्यूज किंवा रिले तपासून घ्यायला सांगा. स्वस्तातली गोष्ट आधी, पंप नंतर.

गुणगुण येते, तरीही सकाळी तीन-चारदा सेल्फ मारावा लागतो? मग हे करून पाहा. चावी 'ऑन'वर न्या, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा. चौथ्या वेळी सेल्फ मारा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक-क्लच न दाबता बटण दाबून हेच करता येतं. या रीतीनं गाडी झटकन पकडली, तर अर्थ असा की रात्रभरात नळीतला पेट्रोलचा दाब उतरून जातो आणि प्रत्येक 'ऑन'ला पंप तो थोडा थोडा परत चढवतो. पंपाजवळची झडप नीट बसत नसेल, किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल. गॅरेजमध्ये "पेट्रोलचा दाब मोजून द्या, गाडी बंद केल्यावर तो टिकतो का तेही पाहा," असं स्पष्ट सांगा. भगिनी, पत्रातल्या वर्णनावरून मला हीच शंका दाट वाटते. सेल्फ मात्र मोजमाप झाल्याशिवाय बदलू देऊ नका.

दुसरी खूण किल्लीची. समोर किल्लीचं किंवा कुलुपाचं चित्र लुकलुकत राहिलं तर गाडीनं किल्ली ओळखलेली नाही. घरातली दुसरी किल्ली लावून पाहा. बटणाच्या गाडीत किल्लीतला नाण्याएवढा सेल संपला असेल, तर बऱ्याच गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवून दाबली की काम होतं.

तिसरी खूण वासाची. बरेचदा सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा भपका आला तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. पाच मिनिटं थांबा. मग ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर पेट्रोल तोडलं जातं आणि नुसती हवा खेळते. चालू झाली की लगेच पाय काढा. वर "ॲक्सिलरेटर दाबू नका" म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद.

चौथी, गाडी थंड असताना छान चालू होते, पण बाजारात वीस मिनिटं उन्हात उभी राहिली की पकडत नाही, आणि गार झाली की पुन्हा ठीक. अशा वेळी तापल्यावर रुसणारा क्रँक सेन्सर किंवा तापमानाचा सेन्सर तपासायला हवा. "गरम असतानाच होतं" हे तीन शब्द मिस्त्रींना जरूर सांगा, नाहीतर सकाळी गार गाडी नेऊन दाखवाल आणि ती शहाण्यासारखी चालू होईल!

चालू होते पण लगेच बंद पडते, तर थ्रॉटल बॉडी मळलेली असू शकते. आपल्याकडे धूळ भरपूर, म्हणून एअर फिल्टरही बघून घ्यावा. प्लग किती किलोमीटरला बदलायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. डिझेलच्या गाडीला ठिणगीचे प्लग नसतात. तिथे समोर गुंडाळलेल्या तारेचं पिवळं चित्र दिसतं, ते विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा.

आणि हो, टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नका. उतारावर उभ्या गाडीचा काटा फसवतो. सीएनजीच्या बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली तर गाडी सकाळी रुसणारच. थोडं ताजं पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून पेट्रोलवरही चालवा. २०२५पासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ज्यासाठी आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही कामाला लागलेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. तेव्हा महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवायची नाही. आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटं फिरवून आणा. बंद गॅरेजमध्ये नुसती चालू ठेवू नका, तो धूर जीवघेणा असतो.

अडलेल्या वेळी

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. सतत मारलं तर सेल्फ तापतो आणि उरलीसुरली बॅटरीही जाते.

दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची तर तारा लावायचा क्रम पाठ करा. लाल तार आधी आपल्या बॅटरीच्या अधिकला, मग दुसऱ्या गाडीच्या अधिकला. काळी तार दुसऱ्या गाडीच्या उणेला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग आपली चालू करा. काढताना नेमका उलटा क्रम. बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल तर हा उपाय करू नका.

धक्का मारून चालू करायची तर गिअरची गाडी हवी, ऑटोमॅटिक नव्हे. चावी 'ऑन', दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीनं वेग घेतला की क्लच सोडायचा आणि पकडली की लगेच दाबायचा. एक-दोन प्रयत्नांत झालं नाही तर सोडून द्या, कारण न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या यंत्रणेत जाऊन ती खराब होते.

मिस्त्रींशी बोलताना

चांगले मिस्त्री पुष्कळ आहेत, आणि नीट माहिती देणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं. तक्रार सुरू झाल्यापासून आठ दिवस एका वहीत टिपा. वेळ, गाडी गार की गरम, किती वेळा सेल्फ मारला, कुठला आवाज, समोर कुठले दिवे लागले, पेट्रोल कधी भरलं. ही वही पुढे ठेवा आणि म्हणा, "दादा, आधी तपासून कारण सांगा, मग सामान बदलू." इंजिनचा पिवळा दिवा लागत असेल तर यंत्र लावून कोड वाचून घ्या आणि तो वहीत लिहा. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो. बदललेला जुना भाग परत मागा, बिल घ्या. "यजमानांना पाठवा, त्यांना सांगतो," असं कुणी म्हणालंच, तर शांतपणे वही उघडा. गाडी रोज चालवणारीला जे ठाऊक आहे ते शनिवारी-रविवारी येणाऱ्या यजमानांना कुठून ठाऊक असणार?

या रविवारी दहा मिनिटं काढा. गाडी चांगली असतानाचा सेल्फचा आवाज आणि पंपाची गुणगुण फोनवर टिपून ठेवा. पुढे कधी वेगळं वाटलं तर ताडून पाहता येईल. बॉनेट उघडून टर्मिनल हलतं का ते बघा. आणि गाडीत एवढं सामान ठेवाच: जंपर केबल, १० नंबरचा पाना, विजेरी, जुना ब्रश, सुती फडकं, रबरी मोजे, आणि ती वही. पुढच्या वेळी पंक्चर झालेलं चाक एकटीनं कसं बदलायचं ते पाहू. काही शंका असतील तर पत्रात गाडीचा आवाज जरूर लिहा, घुर्र की टकटक!